चौथी सीट : लोकलचा प्रवास, आरोग्य आणि सोबत

रुग्णाची माहिती घेताना डॉक्टर वय विचारतात, व्यवसाय विचारतात, आहार, झोप, व्यसने आणि घराण्यातील आजार यांची चौकशी करतात. कल्याणच्या पलीकडे वर्षानुवर्षे दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला त्यात आणखी एक प्रश्न जोडावा लागतो : ‘गाडी कोणती पकडता?’ उत्तर मिनिटासह येते. कोणी ‘पाच-पन्नासची’ म्हणते, कोणी ‘सात-बाविसची फास्ट’. या एका उत्तरातून माणसाचा निम्मा दिनक्रम समोर उभा राहतो. तो किती वाजता उठतो, न्याहारी करून निघतो की उपाशीपोटी, किती वेळ उभा असतो, रात्री घरी पोहोचल्यावर जेवण आणि झोप यांत किती अंतर उरते, हे सारे त्या मिनिटाच्या आकड्यात दडलेले असते.

त्यानंतरचा माझा उपप्रश्न मात्र रुग्णांना चमत्कारिक वाटतो : ‘गाडीत तुमचा ग्रुप आहे का?’ औषधाच्या चिठ्ठीशी याचा काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर उमटते. तो संबंध आहे, आणि तो बराच निकटचा आहे. तो उलगडून सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वेळापत्रकाने घडविलेले जीवन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर अंतराची पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. पश्चिमेकडे १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाकाठी एक गाडी ये-जा करू लागली. मात्र आज आपण ज्याला ‘लोकलचे आयुष्य’ म्हणतो, त्याची खरी सुरुवात विजेच्या गाडीपासून झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विद्युत गाडी धावली. वाफेच्या इंजिनाला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला वेळ लागे. विजेची गाडी चटकन थांबते आणि चटकन निघते, त्यामुळे जवळजवळच्या स्थानकांवर थांबे घेऊनही थोड्या-थोड्या वेळाने गाड्या सोडणे शक्य झाले. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड दूरच्या उपनगरात, ही व्यवस्था सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती अशी.

गिरगावच्या चाळींतील मराठी कुटुंबे दादरला, पार्ल्याला, मग ठाण्या-डोंबिवलीला, आणि घरांच्या किमती वाढत गेल्या तशी बदलापूर-अंबरनाथ, वसई-विरारकडे सरकत गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर आहे, चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटरवर. एवढे अंतर रोज दोनदा कापणे हा इथला नित्याचा व्यवहार आहे. महासाथीपूर्वी मुंबईच्या लोकलने दररोज सुमारे ७५ लाख प्रवास होत असत. इतक्या माणसांच्या जेवणाच्या, झोपेच्या, चालण्याच्या आणि बोलण्याच्या सवयी ज्या व्यवस्थेने ठरविल्या, ती आरोग्याचा विषय होणारच.

पायांच्या पदरात पडलेले

प्रथम लाभाची बाजू पाहू. लोकलचा प्रवासी हा मुळात पादचारी असतो, हे आपण विसरतो. घरापासून स्थानकापर्यंत बारा मिनिटे, पुलाचे जिने चढण्या-उतरण्यात तीन मिनिटे आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत दहा मिनिटे धरली, तर एका फेरीत पंचवीस मिनिटे होतात. दोन फेऱ्यांची पन्नास आणि आठवड्याच्या पाच दिवसांची २५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावयास सांगते. ही चाल जर झपझप असेल, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी दमछाक करणारी असेल, तर वेगळे पैसे न मोजता आणि वेगळा वेळ न काढता शिफारशीएवढा व्यायाम पदरात पडतो.

अमेरिकेतील शार्लट या शहरात २००७ मध्ये शहरी रेल्वे सुरू झाली, तेव्हा संशोधकांनी रहिवाशांची आधीची आणि नंतरची वजने ताडून पाहिली. मोटार सोडून रेल्वेने कामावर जाऊ लागलेल्यांचे वजन, न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मध्यम उंचीच्या माणसामागे सुमारे तीन किलोंनी कमी भरले. आहाराचे पथ्य नव्हते की व्यायामशाळा नव्हती. स्थानकापर्यंतची पायपीट एवढाच काय तो बदल होता.

आपल्याकडे मात्र हा लाभ हळूहळू हातचा निसटतो आहे. घराच्या कोपऱ्यावर शेअर रिक्षा मिळते, पुलाला सरकता जिना असतो आणि कचेरीच्या बाजूला पुन्हा रिक्षा किंवा मेट्रो. वृद्धांना, गुडघेदुखीच्या रुग्णांना आणि गर्भवतींना या सोयी आवश्यकच आहेत. पण पस्तिशीतला धडधाकट तरुण रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटे उभा राहून बारा मिनिटांचे चालणे वाचवतो, तेव्हा त्याचा हिशेब कुठेतरी चुकतो. माझ्याकडे येणाऱ्या सीमारेषेवरच्या मधुमेहींना मी इतकेच सांगतो, की सकाळची घाई मला मान्य आहे, तेव्हा रिक्षा करा. संध्याकाळी मात्र स्थानकावरून घरी चालत या. सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्यांपैकी एक फेरी पायांच्या नावावर असली, तरी पुष्कळ साधते.

गर्दीची किंमत

या प्रवासाचे गोडवे गाताना त्याची किंमत लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. रेल्वेच्या परिभाषेत अशा गर्दीला स्वतंत्र नावच द्यावे लागले आहे. उपनगरी मार्गांवरच्या मृत्यूंची संख्या अलीकडच्या सर्वसाधारण वर्षांतही दोन हजारांहून अधिक राहिली आहे. त्यांत रूळ ओलांडताना जाणारे जीव सर्वाधिक आहेत आणि त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडणारे. रूळ न ओलांडणे आणि लटकण्याची वेळ आली तर ती गाडी सोडून देणे, या दोन सवयी कोणत्याही औषधापेक्षा मोलाच्या आहेत. कानात हेडफोन घालून फलाटाच्या कडेला चालणे हाही आता जिवावर बेतणारा प्रकार झाला आहे.

दवाखान्यात मात्र गर्दीची किंमत लहान-लहान तक्रारींच्या रूपाने येते. त्यांतल्या काही नेहमीच्या.

मधुमेहाचे रुग्ण घरी गोळी किंवा इन्सुलिन घेतात, गाडी चुकेल म्हणून न्याहारी टाळतात आणि दोन स्थानके जातात न जातात तोच साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्दीत घाम सर्वांनाच येत असल्याने ना त्यांच्या लक्षात येते, ना शेजाऱ्याच्या. औषध आणि अन्न यांची जोडी कधीही मोडू नये. ग्लुकोजची पुडी किंवा साखर खिशात ठेवावी, पिशवीत नव्हे, कारण पिशवी वरच्या रॅकवर जाते आणि नेमक्या वेळी हाताशी नसते. लक्षणे जाणवताच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे आणि नंतर बिस्किटे किंवा पोळी खावी. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये.

स्त्रियांची तक्रार निराळी. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नाही, म्हणून त्या निघण्याआधी पाणीच पीत नाहीत आणि कचेरीत पोहोचेपर्यंत लघवी रोखून धरतात. वर्षानुवर्षांच्या या सवयीने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, मूतखड्याचाही धोका वाढतो. कामावर पोहोचताच आधी स्वच्छतागृहात जावे, मग दोन पेले पाणी प्यावे आणि दिवसभरात पाण्याची भरपाई पूर्ण करावी. लघवीला जळजळ होत असेल, तर उरलेल्या जुन्या गोळ्या न घेता तपासणी करून घ्यावी.

खोकला ही खाजगी बाब नाही. चेहऱ्याला चेहरा भिडलेल्या डब्यात तर नाहीच. खोकला असताना मुखपट्टी वापरणे हा शेजाऱ्याविषयीचा आदर आहे, आणि तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करणे हे कर्तव्य आहे. सरकारी केंद्रांत ही तपासणी आणि उपचार विनामूल्य होतात. डब्याच्या उघड्या खिडक्या या आपल्या मित्र आहेत. पाऊस नसेल तेव्हा त्या बंद करू नयेत.

आणि झोप. पहाटे साडेचारला उठून रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या माणसाला गाडीतील डुलकी आधार देते, पण तुटक-तुटक आलेली ती डुलकी रात्रीच्या सलग झोपेची जागा घेऊ शकत नाही. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल, तर मी गोळी वाढविण्याआधी झोपेचे तास मोजायला सांगतो. रात्री जेवल्यावर मोबाईलवर जाणारा पाऊण तास वाचविला, तरी अनेकांच्या झोपेत मोलाची भर पडते.

चौथी सीट

एवढी किंमत मोजूनही माणसे त्या गाडीविषयी जिव्हाळ्याने का बोलतात? या प्रश्नाचे उत्तर मला एका साध्या प्रथेत सापडते. तिघांसाठी केलेल्या बाकावर बसलेले तिघे थोडेसे सरकतात आणि चौथ्याला टेकण्यापुरती जागा देतात. रेल्वेच्या कोणत्याही नियमात ही चौथी सीट लिहिलेली नाही. बसणाऱ्याच्या कमरेला ती फारशी मानवतही नाही. एका मांडीवर भार देऊन अर्धा तास बसलेल्या चौथ्याने मध्ये उठून आत बसलेल्याशी जागा बदलावी, असा माझा वैद्यकीय सल्ला आहे. तरीही ‘जरा सरका’ म्हटल्यावर अनोळखी माणूस सरकतो, या अनुभवातच नात्याचे बीज आहे.

रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा. महिनाभरात चेहरे ओळखीचे होतात, सहा महिन्यांत आडनावे कळतात आणि वर्षाच्या आत कोणाच्या मुलीचा दहावीचा निकाल काय लागला, याची विचारपूस सुरू होते. टाळ-चिपळ्या घेऊन भजने म्हणणारी मंडळे याच डब्यांत जन्मली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला फुलांच्या माळा आणि तोरणे बांधून पूजा होते. सेवानिवृत्त होणाऱ्याला अखेरच्या दिवशी हार घालून गाडीतच निरोप दिला जातो. मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली ही केवळ स्त्रियांसाठीची गाडी सुरू झाली. पण महिलांच्या डब्याने त्याआधीपासूनच आपली एक वेगळी दुनिया उभारली होती. परतीच्या वाटेवर तिथे भाजी निवडली जाते, संक्रांतीत हळदीकुंकू होते, कोणाचे डोहाळजेवण साजरे होते.

वैद्यकीय दृष्टीने या डब्यांत एक मोठे कार्य नकळत चालते. ‘डब्यातल्या मैत्रिणीने सांगितले, एकदा डॉक्टरांना दाखवच, म्हणून आले,’ असे म्हणत येणाऱ्या भगिनी मला नित्य भेटतात. स्तनातील गाठ, पाळी जातानाचा त्रास, अंगावरून जाणे हे विषय ज्या घरांत उच्चारलेही जात नाहीत, त्या घरांतील स्त्री ते डब्यात मोकळेपणाने बोलते. पुरुषांचे ग्रुप भावना बोलून दाखवीत नाहीत, पण पारखी असतात. ‘काय रे, बारीक झालास?’ असे चारचौघांनी टोकल्यामुळे रक्तशर्करा तपासायला आलेले आणि मधुमेह निघालेले रुग्ण माझ्याकडे आहेत. घरातल्या माणसांना रोज पाहून जे दिसत नाही, ते रोज तासभर समोर बसणाऱ्याला अनेकदा दिसते. एका रुग्णाला तर गाडीत अकारण घाम फुटलेला पाहून सोबत्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरविले आणि थेट रुग्णालयात नेले. ‘घरी जाऊन बघू’ असे त्याचे म्हणणे त्यांनी ऐकले असते, तर हृदयविकाराच्या उपचारातील मोलाचा वेळ वाया गेला असता.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अशा सैल नात्यांचे महत्त्व मांडले. जिवलग मित्रांचे वर्तुळ बहुधा आपल्यासारखेच असते, नवी माहिती आणि नव्या संधी येतात त्या ओळखीपाळखीच्या माणसांकडून, असे त्यांनी दाखवून दिले. आरोग्याच्या बाबतीत तर पुरावा याहून ठोस आहे. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांची सामाजिक नाती बळकट होती त्यांची अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. धूम्रपान सोडण्याच्या लाभाशी तुलना व्हावी इतका हा परिणाम मोठा आहे. गाडीतील ग्रुपची चौकशी मी करतो, ती याचसाठी.

डब्यात शिरलेली शांतता

हे चित्र बदलते आहे. आज सकाळच्या डब्यात निम्म्या माना मोबाईलवर वाकलेल्या असतात. थकलेल्या माणसाला स्वतःपुरता वेळ हवा असतो, त्याला दोष देता येणार नाही. पण आपण एकांत निवडतो तो खरोखर सुखाचा असतो म्हणून, की तसे वाटते म्हणून? शिकागोच्या रेल्वे प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प राहायला. बोलण्याने प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांनाच प्रवास अधिक सुखाचा वाटला. आपल्या पूर्वीच्या पिढीला हे कोणी प्रयोग करून सांगावे लागले नव्हते.

मात्र जुन्या ग्रुपांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोबत्यांसाठी रुमाल टाकून जागा अडविणे, नवख्याला दरडावणे, जवळच्या स्थानकावर उतरणाऱ्याला लांबच्या गाडीत चढल्याबद्दल बोल लावणे, हेही याच ग्रुपांत घडते. नव्याने नोकरीला लागलेली मुले-मुली रोजच्या या धाकाने पोटदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येतात. ज्या ग्रुपमध्ये नव्या माणसाला चौथी सीट मिळत नाही, तो आपल्या सभासदांचे आरोग्य राखीत असेल, पण डब्याचे बिघडवतो. मोठ्या आवाजात चालणारी भजने किंवा पत्त्यांचे डाव हेही रात्रपाळी करून परतणाऱ्याच्या दृष्टीने त्रासच असतात. सोबतीचा आनंद शेजाऱ्याच्या विश्रांतीवर उभा राहू नये.

पासाची मुदत संपते तेव्हा

ही सोबत म्हणजे नेमके काय असते, ते गाडी थांबली तेव्हा कळले. २२ मार्च २०२० पासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, १ फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य प्रवाशांना ठराविक वेळांत मुभा मिळाली. पुढे दुसऱ्या लाटेत ती पुन्हा आवळली गेली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना दार उघडले. त्या काळात घरून काम करणारे रुग्ण वाढलेले वजन, कंबरदुखी आणि चढलेला रक्तदाब घेऊन येत. रोजचे चार तास वाचल्याचा आनंद त्यांना होता आणि तो खराच होता. तरी बोलता बोलता ते म्हणत, ‘डॉक्टर, माणसे दिसत नाहीत हो.’

महासाथ सरली. निवृत्ती मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित रुग्ण तिथेच आहे. तीस-पस्तीस वर्षे एकाच गाडीने गेलेला माणूस अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी एका संध्याकाळी हार घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्याचे डोळे उघडतात, पण जायचे कुठे नसते. त्याची नोकरी सुटली, हे सर्वांना दिसते. त्याचबरोबर त्याची रोजची पन्नास मिनिटांची चाल सुटली, जेवणाची ठरलेली वेळ सुटली आणि ज्यांच्याशी रोज दोन-अडीच तास हसणे-बोलणे होते, ती आठ-दहा माणसे सुटली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हे सोबती वेगवेगळ्या स्थानकांवर चढणारे, वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाणारे असतात. त्यांना जोडणारी जागा एकच, तो डबा. तो सुटला की भेटण्याचे निमित्तच उरत नाही.

वर्ष-सहा महिन्यांनी असा माणूस दवाखान्यात येतो तो झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, अंगात शक्ती नाही, असे सांगत. तपासण्या बहुधा ठीक येतात. घरचे म्हणतात, ‘आता तर आराम आहे, तरी चिडचिड करतात.’ काही जण संध्याकाळी स्थानकाच्या बाकावर जाऊन बसतात आणि उतरणाऱ्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधतात. घरच्यांना ते विचित्र वाटते. मला ते अगदी स्वाभाविक वाटते. निवृत्त होणाऱ्या स्त्रीची अवस्था याहून बिकट असू शकते, कारण स्वयंपाकघर आणि नातवंडे तिची वाटच पाहत असतात आणि डब्यातला तो तासभर हा तिच्या दिवसातील एकमेव स्वतःचा वेळ असतो. तो गेल्याचे दुःख तिने बोलून दाखविले, तर ते कोणाला समजतही नाही.

काय करता येईल?

औषधाची गरज प्रत्येकाला नसते. पुढील गोष्टी मात्र मी आवर्जून सुचवितो.

१. निवृत्तीच्या वर्षभर आधीपासून सोबत्यांचे पत्ते आणि फोन क्रमांक लिहून ठेवा. आपल्याच गावात किंवा शेजारच्या स्थानकाजवळ राहणारे दोन-तीन जण त्यांत निघतातच. गाडीची वेळ होती, त्याच वेळेला त्यांच्यासोबत चालायला जा. शरीराला त्या वेळेची सवय असते, तिचा उपयोग करून घ्या.

२. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि सर्वांना एकत्र भेटा. ‘कधीतरी भेटू’ हे वचन पाळले जात नाही. पहिला शनिवार, संध्याकाळी पाच, अमुक बाग, असे वेळापत्रक असेल तरच ते टिकते. ही माणसे वेळापत्रकावरच वाढलेली आहेत.

३. नोकरीत असलेल्या ग्रुपांनी निवृत्तांना वर्षातून निदान एकदा, दसऱ्याच्या पूजेला, बोलवावे. एका फेरीचे तिकीट फार महाग नाही, आणि ज्याला बोलावणे येते, त्याच्या दृष्टीने त्या फेरीचे मोल मोठे असते.

४. आठवड्यातून दोन-तीनच दिवस कचेरीत जाणाऱ्या तरुणांनी शक्य तेथे तेच वार आणि तीच गाडी ठेवावी. ओळख व्हायला पुनरावृत्ती लागते. मोबाईल पूर्ण प्रवासात ठेवू नका असे मी म्हणणार नाही, पण शेवटच्या दोन स्थानकांपुरता तो खिशात ठेवून पाहा.

५. ग्रुपच्या प्रत्येक सभासदाने आपला आजार, चालू औषधे आणि घरचा फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पासासोबत ठेवावा, आणि निदान दोन सोबत्यांना त्याची कल्पना द्यावी. छातीत दुखणे, अकारण घाम, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हाताची शक्ती जाणे ही लक्षणे दिसताच आपल्या स्थानकाची वाट न पाहता पुढच्याच स्थानकावर उतरवावे, स्थानक व्यवस्थापकांना गाठावे, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. चक्कर आलेल्याला शक्य असल्यास आडवे करून पाय किंचित उंच ठेवावेत. गर्दीत ते जमत नसेल, तर खाली बसवून डोके गुडघ्यांकडे झुकवावे.

६. कुटुंबीयांनी निवृत्त माणसाच्या जुन्या सोबत्यांना घरी बोलवावे, चहा द्यावा आणि त्या गप्पांना वेळ वाया घालविणे समजू नये. उदासपणा, झोप आणि भूक उडणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र तो वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

अधिक गाड्या, लांब गाड्या, वेळेवर धावणाऱ्या गाड्या आणि स्थानकांवर स्वच्छ प्रसाधनगृहे, या मागण्या आपण सार्वजनिक आरोग्याच्या मागण्या म्हणूनच केल्या पाहिजेत. जीव मुठीत धरून केलेल्या प्रवासाला कोणतीही मैत्री पुरेशी भरपाई ठरत नाही. पण ज्या दिवशी गर्दी ओसरेल, त्या दिवशीही शेजारच्याला ‘आज उशीर झाला का?’ असे विचारण्याची सवय आपल्यापाशी शिल्लक असली पाहिजे.

वाचकहो, आपल्या ओळखीत एखादा माणूस गेल्या वर्ष-दोन वर्षांत गाडीतून दिसेनासा झाला असेल. निवृत्त झाला असेल, आजारी असेल, घर बदलून गेला असेल. त्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये बहुधा अजूनही त्याच्या स्थानकाच्या किंवा गाडीच्या नावासह नोंदलेला असेल. येत्या रविवारी त्याला फोन करा. त्याचा रक्तदाब कसा आहे हे विचारा, आणि मग नेहमीसारख्या गप्पा मारा. त्या दोहोंपैकी अधिक गुणकारी काय ठरले, ते तोच आपल्याला सांगेल.